कानशीची स्प्रिंग आणि कॅप्टन लुईसची एअर रायफल

अमेरिकेतल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेइतका कागदावर उतरलेला प्रवास शोधायला गेलं तर फार थोडे सापडतील. मे १८०४ मध्ये निघालेली ही तुकडी मिसूरी नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर गेली, रॉकी पर्वत ओलांडून पॅसिफिकच्या किनाऱ्याला लागली आणि २३ सप्टेंबर १८०६ रोजी सेंट लुईसला परतली. रोज किती मैल झाले, काय शिजलं, कोणता पक्षी दिसला, कुणाचा दात दुखला, सगळं लिहून ठेवलेलं आहे. तरीही कॅप्टन मेरिवेदर लुईसकडे असलेली एअर रायफल नेमकी कोणत्या जातीची होती, यावर विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत एकमत नव्हतं. उत्तर मिळालं ते दोन वाटांनी. एक वाट एका न्यायाधीशाच्या डायरीतून गेली आणि दुसरी एका जुन्या रायफलच्या पोटातून. ती रायफल पार सुटी केली गेली, तेव्हा आत एक स्प्रिंग मिळाली जी मूळ कारागिराची नव्हती. या लेखात मुख्यतः त्या स्प्रिंगबद्दल लिहायचं आहे. जुनं यंत्र उघडताना आपण मूळ भाग शोधतो आणि नंतरची दुरुस्ती म्हणजे बिघाड समजतो. इथे मात्र साक्ष दिली ती दुरुस्तीनेच.

आधी कागद पाहू.

लुईसच्या रोजनिशीत ही बंदूक अगदी सुरुवातीलाच येते. ऑगस्ट १८०३ च्या अखेरीस, मोहिमेची तयारी चालू असतानाच, पिट्सबर्गहून नाव सोडल्यावर तीनेक मैलांवरच्या ब्रूनो बेटावर तो थांबला. तिथल्या मंडळींनी आग्रह केला म्हणून नवी विकत घेतलेली एअर गन किनाऱ्यावर आणली, हवा भरली आणि पंचावन्न यार्डांवर, म्हणजे सुमारे पन्नास मीटरवर, स्वतः सात वेळा झाडली. नेम बरे लागले, असं तो लिहितो. मग बंदूक एका पाहुण्याच्या हातात गेली. त्याला ती कशी हाताळायची हे माहीत नव्हतं. गोळी सुटली, चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईच्या टोपीतून गेली आणि तिची कानशिलाजवळची कातडी चिरत पुढे गेली. बाई कोसळली, रक्त वाहायला लागलं, ती गेलीच असं सगळ्यांना वाटलं. मिनिटभरात ती शुद्धीवर आली आणि जखम जीवघेणी नाही हे कळलं.

या अपघाताकडे बंदुकीच्या अंगाने पाहायला हवं. लुईसने सात गोळ्या झाडून झाल्या होत्या. बंदूक एकेक गोळी तोंडातून भरायची असती, तर पाहुण्याच्या हातात देण्याआधी कुणीतरी मुद्दाम आठवी गोळी भरलेली असणार. ते अशक्य नाही. पण जिच्या बाजूला गोळ्यांची नळी आहे आणि बोटाच्या एका दाबाने पुढची गोळी जागेवर येते, अशा बंदुकीत हा अपघात कितीतरी सहज घडतो. बघणाऱ्याला ती रिकामी वाटते आणि ती भरलेली असते. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. हवा एकदाच भरून सात वेळा झाडणं एकेक गोळी भरायच्या एअर गनलाही जमतं, दर वेळी गोळी तेवढी नव्याने भरावी लागते. म्हणून नुसत्या ‘सात’ या आकड्यावर कुणी निकाल दिला नाही, आणि ते योग्यच होतं.

निकाल दिला तो थॉमस रॉडनी यांनी. रॉडनी हे डेलावेअरचे न्यायाधीश, मिसिसिपी टेरिटरीत नेमणूक झाल्यामुळे ओहायो नदीने खाली निघालेले. सप्टेंबर १८०३ मध्ये व्हीलिंग इथे ते लुईसच्या नावेवर गेले आणि जे पाहिलं ते डायरीत लिहून ठेवलं. ही डायरी १९९७ मध्ये छापून आली. तिच्यातली नोंद म्हणजे एखाद्या मेकॅनिकने लिहावी तशी आहे. लुईसने हवा कशी भरायची ते दाखवलं, मग बारा गोळ्या घातल्या. एकेक करून झाडायचा बेत होता. पण पहिल्याच ठोक्याला टाकीतली सगळी हवा निघून गेली. पुन्हा भरली, दोनच वेळा सुटली. तेव्हा त्याला कारण सापडलं, हवेची गळती त्याने थोडीफार थांबवली आणि मग बंदूक सात वेळा चालली. नीट असली तर ती मिनिटाला बावीस वेळा सुटते, असं रॉडनी लिहितात. आणि पुढचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे: सगळ्या गोळ्या एकदमच बाजूच्या एका आखूड नळीत घातल्या जातात, एक स्प्रिंग हलवली की एकेक गोळी आत पडते आणि चाप ओढला की दस्त्याच्या जागी असलेल्या हवेच्या भांड्यातून एका गोळीपुरतीच हवा बाहेर येते.

बाजूची नळी, सरकवायची कळ, दस्त्यातच हवा. त्या काळात या वर्णनात बसणारी एकच माहितीतली रचना आहे: जिरार्दोनी.

बार्टोलोमेओ जिरार्दोनी हा टायरोलमधला, आजच्या इटलीतल्या कोर्तिना द’आम्पेत्सो या गावचा. त्याची ही रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास स्वीकारली आणि ती साधारण १८१५ पर्यंत सेवेत राहिली. लांबी सव्वा मीटरच्या आसपास, वजन साडेचार किलो, नळीचं तोंड ०.४६ इंच, म्हणजे जेमतेम पावणेबारा मिलिमीटर. या मापाची शिशाची गोल गोळी हिशेबाने साडेनऊ ग्रॅम भरते. आज १० मीटर एअर रायफलमध्ये आपली मुलं जी साडेचार मिलिमीटरची पेलेट वापरतात, ती अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असते. वजनातला हा अठरापट फरक डोळ्यासमोर आणला की ही बंदूक खेळासाठी नव्हती हे सांगावं लागत नाही.

आता तिचं पोट उघडून पाहू. एअर रायफलची कामं हाताने केलेल्यांना यात मजा येईल.

दस्ता म्हणजेच टाकी. लोखंडी पत्र्याची, मागे निमुळती होत जाणारी, सांधे भरून घट्ट केलेली आणि आट्यांनी बंदुकीला जोडलेली. टाकीच्या तोंडाशी तिची स्वतःची झडप असते. त्यामुळे टाकी काढली तरी हवा आतच राहते आणि सैनिक भरलेल्या जादा टाक्या बरोबर बाळगू शकतो. हातपंपाने एक टाकी भरायला सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. आतला दाब ८०० पीएसआयच्या घरात, म्हणजे वातावरणाच्या पंचावन्न पट. एवढ्या हवेत तीसेक गोळ्या कामाच्या वेगाने सुटत, त्यानंतर जोर स्पष्ट कमी होई. सांध्यांना आणि झडपेला चामड्याचे वायसर. ते ओले ठेवावे लागत. वाळले की आकसत आणि हवा सुटे. व्हीलिंगला पहिल्याच ठोक्यात सगळी टाकी रिकामी झाली, ते झडप उघडी अडकल्यामुळे किंवा चामडं नीट न बसल्यामुळे, या दोनपैकीच काहीतरी असणार. लुईसने ते तिथल्या तिथे शोधलं आणि ‘थोडीफार’ थांबवलं, यावरून बंदूक उघडायची त्याला सवय होती असं दिसतं.

नळीच्या मागच्या तोंडाशी एक आडवा सरकणारा ठोकळा आहे. त्यात गोळीएवढा गाळा. बंदुकीचं तोंड जरा वर उचललं की बाजूच्या नळीतली गोळी आपल्या वजनाने मागे घरंगळते. ठोकळा अंगठ्याने दाबला की गोळी गाळ्यात पडते. सोडला की एक पट्टी-स्प्रिंग त्याला परत ढकलते आणि गोळी नळीच्या रेषेत येते. घोडा ओढायचा, चाप दाबायचा. हा घोडा गारगोटीवर आपटत नाही, तो आतल्या दांडीमार्फत टाकीच्या झडपेवर ठोसा देतो. झडप क्षणभर उघडते, हवा सुटते आणि टाकीतला दाबच झडपेला पुन्हा बंद करतो.

या शेवटच्या वाक्यात रायफलचं सगळं मर्म आहे. झडप किती वेळ उघडी राहणार हे दोन गोष्टींवर ठरतं: घोड्यामागची मुख्य स्प्रिंग किती जोराने ठोसा देते, आणि टाकीतला दाब किती जोराने झडप मिटवतो. टाकी भरलेली असताना दाब जास्त, म्हणून झडप लवकर मिटते, थोडीच हवा जाते, पण ती जोरकस असते. टाकी उतरत आली की दाब कमी, झडप रेंगाळते, हवा जास्त जाते, पण ती मवाळ असते. या दोन्हींची एकमेकांत भरपाई होते आणि बऱ्याच गोळ्यांचा वेग जवळपास सारखा राहतो. मुख्य स्प्रिंग प्रमाणाबाहेर कडक केली तर प्रत्येक गोळीमागे हवेची नासाडी होते आणि टाकी लवकर संपते. मऊ केली तर भरलेल्या टाकीची झडप नीट उघडतच नाही. म्हणजे मुख्य स्प्रिंग बदलणं ही साधी दुरुस्ती नाही. ती बदलणाऱ्याने बंदुकीचा स्वभाव नव्याने ठरवलेला असतो. आजच्या दाबहवेच्या रायफलींनाही हेच लागू आहे. ‘स्प्रिंग कडक टाका, पॉवर वाढेल’ हा सल्ला ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. त्यात निम्मंच तथ्य आहे, आणि नळीचं माप साडेचार मिलिमीटरच्या किंवा गोळीची ऊर्जा २० ज्यूलच्या पुढे गेली की भारतात तीच बंदूक परवान्याच्या कक्षेत येते.

ऑस्ट्रियन सैन्यात हिच्या तक्रारी होत्याच. टाक्या नाजूक, भरायला वेळ फार, सैनिकाला वेगळं शिक्षण लागे आणि बिघडली की कुठल्याही छावणीतल्या लोहाराला ती जमेलच असं नाही. अमेरिकेच्या जंगलात नदीकाठी ही तक्रार कशी सोडवली गेली, तिथे जॉन शील्ड्स येतो.

शील्ड्स मोहिमेचा लोहार. मूळचा व्हर्जिनियाचा, मोहिमेत केंटकीहून आलेला, वयाने पस्तिशीच्या आसपास, म्हणजे त्या तरुण घोळक्यात वडीलधारा. १८०४-०५ च्या हिवाळ्यात फोर्ट मँडन इथे धान्य संपत आलं तेव्हा या लोहारकामावरच तुकडी तगली. मँडन या तिथल्या मूलनिवासी लोकांना लढाईच्या कुऱ्हाडी हव्या होत्या, आणि त्या बदल्यात ते मका देत. जळून निकामी झालेल्या एका पत्र्याच्या शेगडीचे चार-चार इंचाचे तुकडे करून विकले, तर एकेका तुकड्याला सात-आठ गॅलन मका मिळाला, अशी लुईसची नोंद आहे. लोखंडाच्या तुकड्याची किंमत काय असते हे शील्ड्सला त्या हिवाळ्यात चांगलंच कळलं असणार.

जून १८०५ मध्ये तुकडी मरायस नदीच्या संगमावर अडली. दोन नद्यांपैकी खरी मिसूरी कोणती, यावर तिथे बरेच दिवस गेले. पुढे मोठे धबधबे आहेत हे त्यांना ऐकून ठाऊक होतं, म्हणून ओझं कमी करायचं ठरलं. १० जूनला खड्डे करून सामान पुरायचं काम चाललं होतं. लुईसने यादी दिली आहे: चांगल्यातल्या दोन कुऱ्हाडी, गिरमिट, रंधे, काही कानशी, लोहाराचे भाते, हातोड्या, चिमटे, पीठ, डुकराचं मांस, मीठ, पटाशा, अस्वलाची कातडी, जनावरं धरायचे सापळे. मोठी लाल नाव एका बेटावर झाडांमध्ये लपवली. आणि त्याच दिवसाच्या नोंदीत एक ओळ आहे: शील्ड्सने माझ्या एअर गनची मुख्य स्प्रिंग नवी करून बसवली.

लगेच पुढे लुईस त्याचं कौतुक करतो. या माणसाच्या कल्पकतेचे आमच्यावर अनेक वेळा उपकार झाले आहेत, त्याने कुठल्याच धंद्याची रीतसर उमेदवारी केलेली नाही, आपली हत्यारं बहुतेक तो स्वतःच करतो आणि लाकूड असो वा धातू, दोन्हींत उत्तम काम करतो, असं तो म्हणतो. शिवाय तो चांगला शिकारी आणि पट्टीचा नावाडी आहे, हेही सांगायला तो विसरत नाही.

ही दोन टिपणं शेजारी ठेवून वाचली की प्रसंग उभा राहतो. भाते, हातोड्या, चिमटे पुरले जाण्याआधीची ही शेवटची भट्टी होती. नवी स्प्रिंग करायची तर तेव्हाच, नाहीतर परतीपर्यंत नाही.

पट्टीची व्ही आकाराची स्प्रिंग हाताने करायची म्हणजे काय, हे थोडं सविस्तर सांगतो. साध्या लोखंडाची स्प्रिंग होत नाही. ते वाकतं आणि वाकलेलंच राहतं. पोलाद हवं, आणि जंगलात तयार पोलाद मिळण्याची हमखास जागा म्हणजे झिजलेली कानस. कानशीचं पोलाद कार्बनने भरलेलं, कडक आणि म्हणूनच ठिसूळ. आधी ते लाल करून सावकाश थंड होऊ द्यायचं, म्हणजे ते मऊ पडतं आणि घडवता येतं. मग ऐरणीवर पट्टी ठोकायची, टोकाकडे पातळ करत न्यायची. दाते घासून काढायचे, कारण एखादा दाता जरी राहिला तरी तडा तिथूनच सुरू होतो. पुन्हा लाल करून मध्यावर मोडल्यासारखी दुमडायची, पण दुमडीत खाच पडू द्यायची नाही. मग पुन्हा लाल करून बुडवायची, पाणी द्यायचं. या वेळी ती काचेइतकी ठिसूळ होते. हातातून पडली तर तुटेल. म्हणून चकचकीत घासून पुन्हा हळूहळू तापवायची आणि रंगावर नजर ठेवायची: पिवळट, तपकिरी, जांभळट, आणि निळा आला की बाहेर. निळ्याच्या अलीकडे थांबलात तर स्प्रिंग तुटते, फार पलीकडे गेलात तर मरते. थर्मामीटर नाही, ओव्हन नाही, नदीकाठच्या उजेडात रंग ओळखायचा. आणि हे सगळं साधून झाल्यावर ती घोड्याखालच्या जागेत मापात बसली पाहिजे.

बंदूक त्यानंतर चालली. १७ ऑगस्ट १८०५ ला शोशोनी या मूलनिवासी लोकांसमोर लुईसने ती झाडून दाखवली. त्याआधी, ७ ऑगस्टला, तो लिहितो की एअर गन बिघडली होती आणि काही अपघाताने तिचे साइट निघाले होते. मी ती नीट केली, नेम जुळवून घेतला, आता ती पूर्वीइतकीच चांगली चालते. साइट अपघाताने निघाले यावर शंका घ्यायचं कारण नाही. पण माझ्या मते नवी स्प्रिंग बसल्यावर नेम जुळवणं असंही लागलंच असतं. ठोशाचा जोर बदलला की गोळीचा वेग बदलतो, वेग बदलला की गोळी वर-खाली लागते. जूनमधली स्प्रिंग आणि ऑगस्टमधला नेम यांचा एवढा तरी संबंध मला दिसतो.

हे झालं कागदावरचं. आता दुसऱ्या वाटेकडे वळू.

रॉडनींची डायरी छापून येण्याआधी अभ्यासकांचा कल वेगळ्या बंदुकीकडे होता. आयझाया लुकन्स हा पेन्सिल्व्हेनियाचा नामांकित घड्याळजी आणि एअर गन करणारा. फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलच्या मनोऱ्यासाठी १८२८ मध्ये घड्याळ करण्याचं काम त्याच्याकडे होतं. तो १८४६ मध्ये वारला. १८४७ मध्ये त्याच्या मालमत्तेची विक्री झाली तेव्हा यादीत एका मोठ्या एअर गनपुढे ‘लुईस आणि क्लार्क यांच्यासाठी केलेली व त्यांनी वापरलेली’ अशी नोंद होती. त्या धाग्यावरून व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटच्या संग्रहातली लुकन्सची एकेक गोळी भरायची एअर गन हीच लुईसची, असं १९७० च्या दशकात मांडलं गेलं. मांडणी चांगली होती. लुकन्स घरचा, त्याचं गाव लुईसच्या वाटेपासून फार लांब नाही आणि वर लेखी नोंद. अडचण एकच होती, लुईसच्या स्वतःच्या शब्दांशी ती जुळत नव्हती. २४ जानेवारी १८०६ ला पॅसिफिकजवळच्या फोर्ट क्लॅटसॉप या हिवाळी तळावर तो लिहितो की माझ्या एअर गनचं इथल्या लोकांना फार आश्चर्य वाटतं, ती इतक्या वेळा आणि दारूशिवाय कशी सुटते हे त्यांना उमगत नाही. ‘इतक्या वेळा’ हे शब्द कित्येक वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांखाली होते. रॉडनींची नोंद आल्यावर त्यांना वजन आलं.

रॉबर्ट बीमन हे शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ आणि एअर गनचे मोठे संग्राहक. आधी तेही लुकन्सच्या बाजूचे होते, पुराव्यापुढे त्यांनी आपलं मत बदललं. त्यांच्या संग्रहात एक जिरार्दोनी रायफल होती. अर्नेस्ट कोवन आणि रिक केलर या दोन कारागिरांना तिच्या चालणाऱ्या प्रतिकृती करायच्या होत्या आणि त्यासाठी मूळ बंदूक शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटी करून प्रत्येक भागाचं माप घेणं भाग होतं. बीमन यांनी तशी परवानगी दिली. दोनशे वर्षांची, लाखमोलाची वस्तू खोलायला देणं सोपं नाही. पुष्कळ संग्राहक काचेच्या कपाटातून बाहेर काढू देत नाहीत, आणि त्यामुळे आत काय आहे ते कधीच कळत नाही.

अशी बंदूक खोलताना कशाला जपायचं, हे काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. आधी टाकी वेगळी, आणि टाकीत हवा नाही याची खात्री, मग ती कितीही वर्षं बंद असो. मुख्य स्प्रिंग चिमट्यात दाबून धरल्याशिवाय हलवायची नाही. घोड्याचा प्लेट उतरवला की लगेच तेलाचं फडकं फिरवायचं नाही, आधी जसं आहे तसं पाहायचं आणि फोटो काढायचे. जुना काळा थर, घासल्याच्या खुणा, स्क्रूच्या खाचेवर निसटलेल्या पेचकसाचे ओरखडे, हे सगळं म्हणजे मजकूर आहे. पॉलिश केलं की तो गेला. आपल्याकडे जुन्या बंदुका, तलवारी, कुलपं ‘चकाचक’ करून विकायची जी पद्धत पडली आहे, तिने किती माहिती धुऊन गेली असेल याचा विचार आला की वाईट वाटतं.

कोवन आणि केलर यांनी घोड्याखालचा भाग उघडला तेव्हा मुख्य स्प्रिंग मूळ कारागिराच्या कामाची नव्हती. नालबंदाच्या कानशीच्या पोलादातून हाताने घडवून ती बसवलेली होती. जिरार्दोनीच्या कामाचा हात घड्याळजीचा, बारीक आणि मापात. ही स्प्रिंग लोहाराच्या हाताची.

लुईसची १० जूनची ओळ ज्यांना पाठ होती त्यांना या क्षणी काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. बीमन यांनी ही आणि इतर दुरुस्त्यांची जुळणी मांडून दावा केला की लुईसची बंदूक हीच. पुढे त्यांनी ती पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल इथल्या अमेरिकी सैन्याच्या वॉर कॉलेजला दिली.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. लुईसकडची एअर गन जिरार्दोनी पद्धतीची, बाजूच्या नळीतून गोळ्या घेणारी होती का? होय. रॉडनी यांच्या नोंदीनंतर यावर वाद घालायला जागा उरत नाही, मग कुणाच्याही कपाटातली कुठलीही बंदूक उघडा वा न उघडा. दुसरा प्रश्न: कार्लाइलमधली हीच ती बंदूक का? इथे माझं उत्तर ‘बहुधा’ असं आहे. मुख्य स्प्रिंग हा बंदुकीतला सर्वांत जास्त ताण सोसणारा आणि सर्वांत आधी तुटणारा भाग. अठराव्या शतकातल्या हजारो बंदुकांच्या स्प्रिंगा लोहारांनी बदलल्या, आणि जुनी कानस हा त्यांचा नेहमीचा माल. त्यामुळे एकट्या स्प्रिंगवरून नाव ठरवता येत नाही. पण ऑस्ट्रियन सैन्यात असताना ही स्प्रिंग तुटली असती तर तिथे कोठारात तयार भाग आणि शिकलेले कारागीर होते. नालबंदाच्या कानशीवर वेळ येते ती जिथे दुसरं काही मिळत नाही तिथे. हा मुद्दा मला वजनदार वाटतो. त्यामुळेच माझं ‘बहुधा’ बरंच होकाराकडे झुकलेलं आहे.

या प्रकरणाला जोडून आणखी एक गोष्ट सांगितली जाते: या एका बंदुकीने सगळी मोहीम वाचवली. लुईसने एकच बंदूक दाखवली, पण बाकीच्या पेट्यांमध्ये अशा किती आहेत हे कुणाला कळू दिलं नाही, म्हणून मोठ्या टोळ्यांनी हल्ला केला नाही, असा तो तर्क. रोजनिश्यांमध्ये मला याला आधार दिसत नाही. ऑगस्ट १८०४ मध्ये यँक्टन सू लोकांपुढे लुईसने ती अनेकदा झाडली, लोक झाडाकडे धावले, खोडातली भोकं पाहून त्यांनी आरडाओरडा केला, असं शिपाई जोसेफ व्हाइटहाउस लिहितो. शोशोनी लोकांनी तिला मोठी जादू मानलं, असं लुईस लिहितो. आश्चर्य जागोजागी आहे. पण तुकडी तगली त्यामागे मँडनांचा मका होता, शोशोनींचे घोडे होते, वाट दाखवणारे लोक होते. त्यांचं श्रेय एका बंदुकीच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही.

बंदुकांची निगा मात्र खरोखर जीवन-मरणाची होती आणि त्याबद्दल लुईस स्वतःच बोलतो. मार्च १८०६ मध्ये परतीची तयारी चालू असताना दोघांच्या बंदुका बिघडल्या. हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रकारखान्यातून बंदुकांची जास्तीची कुलपं, म्हणजे घोडा-चापाची यंत्रणा, आणि त्यांचे सुटे भाग आणले नसते आणि शील्ड्सची कल्पकता नसती, तर या घडीला आमच्या बहुतेक बंदुका पूर्ण निकामी झाल्या असत्या, असं त्याने लिहून ठेवलं आहे. शिकारीवर जगणाऱ्या तुकडीच्या कप्तानाचं हे वाक्य आहे.

जिरार्दोनीची कल्पना तिच्या काळात सैन्याला पेलली नाही. टाकी आधी भरून ठेवायची आणि झडपेवर ठोसा मारून मोजकी हवा सोडायची, ही तीच रचना आज जगभरच्या रेंजवर आहे. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचं जगज्जेतेपद मिळवलं ते याच घराण्यातल्या रायफलने. फरक साहित्याचा आहे. आजच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळपास दोनशे पट, दाब असतो, त्यावर तारीख असते आणि मुदत संपली की तो स्पर्धेत चालत नाही. जिरार्दोनीला पत्र्याच्या सांध्यावर आणि ओल्या चामड्यावर भागवावं लागलं, त्यामुळे त्याच्या दाबाला पंचावन्नच्या आसपासच थांबावं लागलं.

कार्लाइलच्या बंदुकीबाबत पुढचं काम काय, याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. स्प्रिंगच्या पोलादाची तपासणी तिला धक्का न लावता करता येते. १८०३ मध्ये हार्पर्स फेरी आणि फिलाडेल्फिया इथे मिळणाऱ्या कानशी कुठल्या पोलादाच्या होत्या, हे त्या काळच्या शिल्लक राहिलेल्या हत्यारांवरून काढता येईल. दोन्हींची रासायनिक जुळणी झाली तर ‘बहुधा’ बरंच पुढे सरकेल, आणि कानस युरोपातली निघाली तर पुन्हा विचार करावा लागेल, कारण इंग्लंडची हत्यारं तेव्हा अमेरिकेतही भरपूर येत होती. त्याबरोबर व्हर्जिनियातल्या लुकन्सच्या बंदुकीचेही आतले भाग त्याच पद्धतीने, त्याच उजेडात फोटो काढून शेजारी मांडावेत. तिचीही स्प्रिंग, तिचेही साइट, तिच्याही स्क्रूवरचे ओरखडे. १८४७ च्या यादीत ती नोंद कुणीतरी काही कारणानेच केली असणार. लुईसची बंदूक मोहिमेनंतर लुकन्सच्या दुकानात दुरुस्तीला आली होती का, त्याने तिच्यावरून काही शिकून घेतलं का, याचा माग त्या दोन बंदुकांच्या आतल्या कामात सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.